वजन ठीक, पण पोट सुटलेलं: आतल्या चरबीचं काय करायचं?

प्रश्न असा आहे: "वय ४२, उंची १७० सेंटिमीटर, वजन ७४ किलो. हातपाय बारीकच आहेत, फक्त पोट सुटलंय. कंबर ९८ सेंटिमीटर भरली. तीन महिने रोज १०० क्रंचेस मारतोय, पोट आहे तिथेच आहे. उपाशीपोटी साखर १०३, ट्रायग्लिसराइड २१२, एचडीएल ३७, रक्तदाब १२८/८२. सगळं बॉर्डरलाइन आहे म्हणतात. हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे की खरंच धोका आहे? आणि पोट नेमकं कमी कसं करायचं?"

तुमच्या रिपोर्टमधला एकेक आकडा सुटा पाहिला तर कुणीही म्हणेल, थोडं वरखाली आहे, चालायचंच. मी गेली २२ वर्षं मधुमेहाचे आणि चयापचयाच्या तक्रारींचे रुग्ण पाहतेय, आणि मला हे आकडे सुटे वाचताच येत नाहीत. ते सगळे एकाच जागेवरून आलेत, तुमच्या पोटाच्या आतून.

मेटाबॉलिक सिंड्रोम नावाची एक अवस्था आहे. ती ठरवताना पाच गोष्टी बघतात: कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि बायकांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचांतल्या तीन जुळल्या की निदान झालं. तुमच्या चार जुळतात आणि पाचवा, म्हणजे रक्तदाब, उंबरठ्यावर उभा आहे. कंबरेची मर्यादा वंशानुसार थोडी बदलते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या निकषांत ती युरोपीय पुरुषांसाठी ९४ आणि दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आहे, बायकांसाठी दोन्हीकडे ८०. तुमचे ९८ दोन्हींच्या वर जातात. ही अवस्था असलेल्या माणसाला टाइप २ मधुमेह होण्याचा धोका साधारण पाचपट आणि हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. तेव्हा 'बॉर्डरलाइन' या शब्दावर निश्चिंत राहू नका. घाबरून जाण्याचंही कारण नाही, आणि ते का, हे पुढे सांगते.

आधी चरबी कुठे आहे ते समजून घ्या. पोटाची कातडी चिमटीत धरा. जी हातात येते ती कातडीखालची चरबी. तिच्या मागे स्नायूंची भिंत असते आणि त्या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती आणि आतड्यांवर झालरीसारख्या लोंबणाऱ्या पडद्यात दुसरी चरबी साठते. ती चिमटीत येत नाही. तिला व्हिसरल फॅट म्हणतात, आपण आतली चरबी म्हणू. मी रुग्णाला तपासायच्या टेबलावर झोपवते तेव्हा फरक हाताला कळतो. काहींचं पोट मऊ असतं, आडवं झाल्यावर दोन्ही बाजूंना पसरतं. काहींचं झोपल्यावरही वर उचललेलं, ताणलेलं राहतं आणि चिमटीत मात्र जेमतेम दोन सेंटिमीटर येतात. हे दुसरं पोट मला जास्त काळजीचं वाटतं. बारीक हातपाय आणि पुढे आलेलं घट्ट पोट हे वर्णन तुम्ही स्वतःच केलंय.

चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं, ही गोष्ट वैद्यकाला बरीच आधी कळली होती. ज्याँ वाग या फ्रेंच डॉक्टरांनी १९४७ मध्ये लिहिलं होतं की शरीराच्या वरच्या भागात, पोटाकडे चरबी साठवणाऱ्यांना मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार होतात, तर नितंब-मांड्यांवर साठवणाऱ्यांना ते कमी होतात. तरीही पुढची कित्येक दशकं सगळे वजनकाट्याकडेच बघत बसले. जपानमधल्या सुमो पहिलवानांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. प्रचंड वजन, पण कुस्ती चालू असते तोवर त्यांची बहुतेक चरबी कातडीखाली असते, आतली तुलनेनं कमी, आणि रक्तातले आकडे अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगले. उलट लिपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मीळ आजारात कातडीखाली चरबी साठवण्याची सोयच नसते. ही माणसं दिसायला सडपातळ असतात, पण चरबी यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते आणि त्यांना अवघड मधुमेह होतो. कातडीखालचं कोठार शरीराला हवं असतं. ते भरलं किंवा कमी पडलं की माल नको तिथे उतरतो.

या बाबतीतला सगळ्यात ठळक पुरावा २००४ चा आहे. सॅम्युअल क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची चरबी लायपोसक्शननं काढली, सरासरी ९ ते १० किलो. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, साखर, यांतलं काहीही सुधारलं नव्हतं. एवढी चरबी जेवण आणि चालण्यातून गेली असती तर हे सगळे आकडे हलले असते. पण नळीनं ओढली ती कातडीखालची होती, आतली तशीच राहिली. लायपोसक्शन करावं का, असं कुणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगते.

आतली चरबी एवढा त्रास का देते? तिथलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून थेट यकृतात जातं. ही चरबी सुस्त पडून राहणारी नाही. तिच्यातून स्निग्धाम्लं सतत सुटत असतात आणि ती आधी यकृताच्या दारात येऊन पडतात. यकृत त्यातली काही स्वतःत साठवतं, म्हणजेच फॅटी लिव्हर. काहींची ट्रायग्लिसराइडनं भरलेली पुडकी बांधून रक्तात सोडतं, म्हणून तुमचे २१२. ही पुडकी रक्तातून फिरताना आपली चरबी एचडीएलच्या कणांना देतात. असे चरबीनं भरलेले एचडीएलचे कण लहान होत जातात आणि शरीर ते लवकर काढून टाकतं, म्हणून तुमचे ३७. आणि चरबीनं भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रात्रभर साखर बनवणं इन्सुलिननं आवरायचं असतं, ते नीट आवरलं जात नाही, म्हणून सकाळी १०३. पाहा, तुमचा रिपोर्ट ही एकाच साखळीची तीन टोकं आहेत. शिवाय आतल्या चरबीतून शरीरात सूज वाढवणारी रसायनं सुटतात आणि ॲडिपोनेक्टिन नावाचं उपयोगी हार्मोन कमी होतं. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला ते सोसत नाही.

हृदयाबद्दल एकच अभ्यास सांगते, कारण तो मोठा आहे. इंटरहार्ट हा अभ्यास ५२ देशांत झाला. त्यात हृदयविकाराच्या झटक्याशी कंबर आणि नितंबांच्या गुणोत्तराचं नातं बीएमआयपेक्षा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणाऱ्या आकड्यापेक्षा, जास्त घट्ट निघालं. तुमचा बीएमआय २५.६ येतो, म्हणजे जेमतेम मर्यादेबाहेर. म्हणूनच काटा तुम्हाला काही सांगत नाही. बाकीचे धोके थोडक्यात: झोपेत श्वास अडकणं आणि घोरणं, मूत्रपिंडावरचा ताण, पित्ताचे खडे, बायकांमध्ये पाळीच्या तक्रारी. जादा चरबीशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे अशा १३ कर्करोगांची यादी कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१६ मध्ये दिली. मोठं आतडं, यकृत, स्वादुपिंड, गर्भाशयाचं अस्तर आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग त्यात आहेत.

आता मोजमाप, कारण इथे बहुतेक जण चुकतात. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो, त्यामुळे वर्षानुवर्षं ३४ नंबरच चालू राहतो आणि मधल्या काळात खरा घेर १० सेंटिमीटरनं वाढलेला असतो. कपडे बाजूला करून उभे राहा. कुशीला सगळ्यात खालची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवा फिरवा, पाठीमागे तो खाली सरकत नाही ना ते आरशात बघा. श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. टेप लागला की पोट आत ओढलं जातंच. माझ्यासमोर उभा राहिलेला प्रत्येक माणूस ते करतो. म्हणून मी रुग्णाशी दोन वाक्यं बोलते आणि तो बोलून थांबला की आकडा घेते. तुम्हीही तीनदा मोजा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा लक्षात ठेवायला सोपा निकष. तुमच्यासाठी ती रेषा ८५ ची आहे. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळपट, मखमलीसारखी जाड झाली आहे का तेही बघा. लोक मळ समजून घासत बसतात, पण बहुतेकदा ती रक्तात इन्सुलिन वाढल्याची खूण असते.

क्रंचेसबद्दल. तुमची मेहनत पाहून वाईट वाटतं, कारण ती चुकीच्या जागी चाललीय. १९८४ मध्ये एका प्रयोगात पुरुषांकडून २७ दिवसांत ५,००४ सिट-अप्स करून घेतल्या आणि पोट, पाठ, नितंब या तिन्ही ठिकाणच्या चरबीच्या पेशी तपासल्या. पोटावरच्या पेशी इतर ठिकाणांपेक्षा जास्त आकसल्या नव्हत्या. स्नायू आपल्या शेजारची चरबी उचलून जाळत नाही. चरबी रक्तातून येते आणि कुठून सुटायची ते हार्मोन्स ठरवतात. क्रंचेसनं पोटाचा स्नायू बळकट होतो, तेवढं चांगलं आहे. चरबी उतरवण्याचं काम त्यांचं नव्हे.

आणि आता ती दिलासा देणारी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे: ही आतली चरबी जितकी घातक, तितकीच ती लवकर हलणारी आहे. वजन उतरायला लागलं की शरीर प्रमाणात आधी तिच्यावर हात टाकतं. माझ्याकडे एक गृहस्थ तीन महिन्यांनी आले ते निराश होऊनच. वजन फक्त दीड किलोनं उतरलं होतं आणि त्यांनी सोडून द्यायचं ठरवलं होतं. टेप लावला तर कंबर पाच सेंटिमीटरनं कमी. ट्रायग्लिसराइड २४० वरून १५५. काट्यावर विसंबले असते तर त्या दिवशी सगळं बंद केलं असतं. नियमित व्यायामानं वजन अजिबात न उतरता आतली चरबी कमी होते, हे स्कॅन करून केलेल्या अभ्यासांतही दिसलेलं आहे.

तुमच्यासाठी पहिलं लक्ष्य वजनाच्या ७ टक्के, म्हणजे पाच किलो, सहा महिन्यांत. हा आकडा मी मनानं काढलेला नाही. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत (२००२) मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल एवढंच लक्ष्य दिलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं ते ३१ टक्क्यांनी घटलं. साधारण किलोमागे सेंटिमीटर या हिशोबानं तुमची कंबर ९३ च्या आसपास येईल. ८५ चा पल्ला त्यानंतरचा, आणि त्याला वर्ष-दीड वर्ष लागलं तरी चालेल.

जेवणात पहिला वार प्यायच्या साखरेवर. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, आणि पोटात गेली तरी भूक तेवढीच राहते. साखरेतलं निम्मं फ्रुक्टोज असतं आणि त्याचा निपटारा मुख्यतः यकृतालाच करावा लागतो. जास्त झालं की तिथेच त्याची चरबी होते. फळांचा रसही यातच आला, साखर न घातलेला असला तरी. अख्खं फळ खा. दिवसातून तीन-चारदा गोड चहा-कॉफी असेल तर आधी तिथून साखर काढा. मी तरी पहिला महिना रुग्णाला याशिवाय फारसं काही बदलायला सांगत नाही.

दुसरं म्हणजे ताटातली प्रथिनं वाढवा: कडधान्यं, अंडी, मासे, दुधाचे पदार्थ, जे तुमच्या जेवणात बसेल ते. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम. प्रथिनांनी पोट भरल्यासारखं राहतं आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. अर्धं ताट भाज्यांचं, पाव ताट प्रथिनांचं, उरलेल्या पाव भागात धान्य, शक्यतो अख्खं. तेल-तूप अजिबात बंद करू नका, मोजून वापरा. दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी झाल्या तर पुरे. ज्यांना तासांचं बंधन पाळणं सोपं जातं त्यांनी रात्रीचं जेवण लवकर घेऊन उपवासाचा वेळ वाढवावा. एकूण खाणं सारखंच असेल तर या पद्धतीत वेगळी जादू दिसलेली नाही, पण काहींना तिनं शिस्त लागते. दारू घेत असाल तर तुमच्या २१२ मध्ये तिचा वाटा असू शकतो. ग्रॅममागे ७ कॅलरी, आणि ती पोटात असेपर्यंत यकृत चरबी जाळायचं काम बाजूला ठेवतं. तीन महिने पूर्ण थांबवून पुन्हा तपासा.

व्यायामाचं म्हणाल तर रोज अर्धा तास भरभर चाला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं तुमच्यासारख्या साखरेला विशेष उपयोगी. पण माझा खरा आग्रह आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनाच्या व्यायामाचा आहे. तो क्रंचेसच्या जागी आणा: बैठका, भिंतीला किंवा जमिनीवर जोर, वजन उचलणं, पाठीचे खेचायचे व्यायाम. जेवणानंतरची बरीचशी साखर मोठे स्नायू उचलतात. बारीक हातपाय हे तुम्हाला भूषण वाटत असेल, मला तिथे साखर ठेवायला जागा कमी दिसते. सुरुवात करण्याआधी एक गोष्ट: चालताना छातीत दाबल्यासारखं होत असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

झोपेला लोक शेवटचा नंबर देतात, म्हणून मुद्दाम सांगते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी माणसांना दोन आठवडे रोज फक्त चार तास झोपू दिलं. ती रोज ३०० हून जास्त कॅलरी अधिक खाऊ लागली आणि सीटी स्कॅनवर आतली चरबी सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेली दिसली. वजन मात्र अर्ध्या किलोच्या आसपासच वाढलं होतं. सात तास झोप मिळत नसेल तर पहाटे उठून चालायला जायचा हट्ट सोडा, संध्याकाळी चाला. जोरात घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. सिगारेट सोडली की वजन वाढेल या भीतीनं कुणी ओढत राहू नये, कारण ओढणाऱ्यांचं वजन कमी असलं तरी चरबी पोटाकडे जास्त जाते.

पोटाचे पट्टे, घाम काढणारे कपडे, चोळायची मलमं, पोट साफ करणारी चूर्णं यांनी पाणी जातं किंवा पोट तेवढ्यापुरतं दबतं. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं खरोखर काम करतात, पण तुमच्या आकड्यांवर आज त्यांची गरज मला दिसत नाही. त्यांनी वजन उतरताना काही स्नायूही झडतात आणि ती बंद केल्यावर बहुतेकांचं वजन परत येतं. ज्यांना आधीच मधुमेह आहे आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी खाणं कमी करण्याआधी डोस बदलून घ्यावा, नाहीतर साखर एकदम खाली जाते.

काही पोटं चरबीची नसतातच. दोन-चार आठवड्यांत पोट झपाट्यानं मोठं झालं, वजन घटतंय पण पोट वाढतंय, पायांवर सूज आहे, डोळे पिवळे दिसतात, किंवा बाईला पन्नाशीच्या आसपास नव्यानं सतत पोट फुगल्यासारखं आणि थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं होतंय, तर आहार-व्यायामात एक दिवसही घालवू नका, सोनोग्राफी करून घ्या. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे उमटले, चेहरा गोल झाला, दंड-मांड्यांतली ताकद गेली, तर कॉर्टिसॉल या हार्मोनची तपासणी लागते. स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

तुम्ही या आठवड्यात एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), यकृताची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. यकृत मूत्रपिंडापेक्षा पांढरं दिसलं तर चरबी तिथे पोचलीच आहे असं समजा. तसं निघालं तरी पाच-सात टक्के वजन उतरल्यावर तीसुद्धा ओसरते. कंबर महिन्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभे राहा. तीन महिन्यांनी लिपिड आणि साखर पुन्हा करा. ट्रायग्लिसराइड सगळ्यात आधी उतरेल, एचडीएल सगळ्यात सावकाश चढेल. तीन महिन्यांत कंबरही हलली नाही आणि ट्रायग्लिसराइडही, तर थायरॉइड तपासून आणि रोजच्या खाण्याची आठवडाभराची वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.